भाऊंचं कुलूप

13 जानेवारी 2025, सोमवार. भोगीचा दिवस होता. सकाळी पावणेआठला मेंटेनन्सच्या साहेबांनी टाइम ऑफिसच्या खिडकीतून एक कागद आत सरकवला आणि काही न बोलता तिथेच उभे राहिले.

आमच्या कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी मशीनचा वीजपुरवठा बंद करून त्याला कुलूप घालतात. ज्याने घातलं त्यानेच ते काढायचं, असा नियम आहे. तो माणूस हजर नसताना कुलूप काढावं लागलं, तर त्यासाठी हा फॉर्म. सोळा वर्षांत मी तो दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा कोणीतरी किल्ली खिशात घेऊन घरी निघून गेलं होतं.

या वेळी कुलूप भाऊंचं होतं. शनिवारी संध्याकाळी दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, जळाला. नवा सोमवारी येणार होता. भाऊंनी मेन स्विच पाडला, त्यावर आपलं लाल कुलूप घातलं, 'चालू करू नये, काम सुरू आहे' अशी पाटी अडकवली. पाटीवर स्वतःचं नाव, तारीख आणि मोबाइल नंबर लिहिला आणि ते घरी गेले. रविवारी पहाटे छातीत कळ आली. दवाखान्यात नेल्यावर दीड-दोन तासांत सगळं संपलं. एकोणपन्नास वर्षांचे होते.

फॉर्मवर तीनच प्रश्न आहेत. कुलूप लावणारा कामगार कारखान्याच्या आवारात नाही, याची खात्री केली का? त्याच्याशी संपर्क करण्याचा प्रयत्न केला का? कुलूप काढल्याचं त्याला कामावर परत येण्याआधी कोण कळवणार?

पहिल्या प्रश्नापुढे टाइम ऑफिसची सही लागते, म्हणजे माझी. मी रोजच्या सवयीने हजेरीचं मशीन उघडलं. त्यांच्या नंबरापुढे शनिवारी संध्याकाळी 5 वाजून 42 मिनिटांनी 'आउट' होतं. त्यानंतर काही नाही. मी सही केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे साहेबांनी पेन टेकवलं, बराच वेळ तसंच धरून ठेवलं, आणि शेवटी दोन्हीकडे 'लागू नाही' लिहिलं.

घरी किल्ली मागायला त्या दिवशी कोणी जाणार नव्हतं. कुलूप कापायचं ठरलं. भाऊंच्या हाताखालचा मुलगा कटर घेऊन गेला आणि पॅनेलपुढे नुसता उभा राहिला. त्याच्याच्याने होईना. मग साहेबांनी स्वतः कापलं. तुटलेलं कुलूप त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमच्याकडेच राहू द्या."

*

भाऊ मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन होते. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे, आणि गेटवरच्या शिपायापासून प्लांट हेडपर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मला ते ताई म्हणायचे, मी त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असूनही.

मी 2009 च्या जूनमध्ये इथं लागले. तेवीस वर्षांची होते. टाइम ऑफिस गेटजवळ, आणि बायकांचं स्वच्छतागृह पार ऑफिसच्या इमारतीमागे. मधली वाट भंगाराच्या ढिगाऱ्याला वळसा घालून जायची. दिवाळी झाली की सहाच्या आत अंधार पडतो, आणि त्या वाटेवर एकही दिवा नव्हता. मी दुपारनंतर पाणी पिणं सोडून दिलं. ही गोष्ट सांगणार कोणाला? शेडमध्ये दीडशे माणसं आणि सगळे पुरुष.

एका संध्याकाळी पाहते तर भंगाराच्या कोपऱ्यावर दिवा. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ दुसरा. आठवड्याभरात तिसरा, थेट दाराशी. मी भाऊंना विचारलं, "हे दिवे तुम्ही लावले का?"

"हो न. तिकडं साप निघून राहिले बाप्पा, म्हणून लावले," असं म्हणून ते शिडी घेऊन निघूनही गेले.

खरं काय ते मला चार-पाच वर्षांनी कँटीनच्या मावशींकडून कळलं. माझा तीन वाजताचा चहा रोज तसाच परत जातो, हे भाऊंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी मावशींना विचारलं, 'ताई चहा काहून नाही घेत?' मावशींनी सांगितलं असणार. मला त्यातलं एक अक्षर कोणी कळू दिलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी साप काढले होते. नवीन लागलेल्या एका मुलीचा चहा परत जातो हे ज्याला दिसतं, त्या माणसाबद्दल मी लिहिते आहे, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

रागावलेले मी त्यांना एकदाच पाहिलं. कॉन्ट्रॅक्टवरचा एक पोरगा कुलूप न लावता पॅनेलमध्ये हात घालत होता. भाऊ इतक्या मोठ्याने ओरडले की लेथवरची माणसं हात थांबवून बघायला लागली. "किल्ली तुह्या खिशात नाही, तं तुहा जीव दुसऱ्याच्या हातात हाय. समजलं का?" पोरगा रडायला लागला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाऊंनी त्याला शेजारी बसवून आपल्या डब्यातली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाऊ घातली. पुढे त्याच पोराचा आयटीआयचा फॉर्म त्यांनी भरला आणि श्रद्धानंदपेठेत त्याच्यासोबत जाऊन प्रवेश करून दिला. सोमवारी कटर हातात घेऊन पॅनेलपुढे उभा राहिला होता, तो हाच मुलगा.

*

रविवारी सकाळी मला गेटवरून फोन आला. स्कूटी काढून मी मानेवाड्याहून जयताळ्याला भाऊंच्या घरी गेले. दुपारी त्यांना अंबाझरी घाटावर नेलं, अग्नी मुलीने दिला. मी घरीच वहिनींजवळ बसून होते. वहिनी कोणाकडे बघत नव्हत्या. नात्यातल्या एका वयस्क बाईंनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"सोबत काम करते."

"अच्छा, कंपनीतून आल्या," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागल्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण ते वाक्य पुढे बरेच दिवस माझ्यासोबत राहिलं.

संक्रांतीला मी तिळगूळ केला नाही. आई म्हणाली, "अगं, आपल्याला काही सुतक नाही." तिचंही बरोबर होतं. कंपनीच्या नियमात आई-वडील, नवरा-बायको, मुलं आणि सख्खी भावंडं गेली तर तीन दिवसांची रजा आहे. ते अर्ज माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे नियम मला पाठ आहे. सोळा वर्षं ज्याच्याशी रोज बोलले, वडिलांच्या आजारपणात ज्याने रात्री दवाखान्यात सोबत केली, लग्न मोडलं तेव्हा ज्याने एक प्रश्न न विचारता पंधरा दिवस स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे ठेवली, त्याच्या जाण्याला कुठल्याही कागदात रकाना नव्हता. मंगळवारी संक्रांतीची सुट्टी आणि बुधवारी मी कामावर हजर.

गेटवर शोकसभा झाली. दोन मिनिटं शांत उभे राहिलो. सगळ्यांनी एका दिवसाचा पगार द्यायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांना कोणी मागितलं नव्हतं, तरी त्यांनी पाचशे-पाचशे आणून दिले. त्यातल्या काहींची दिवसाची मजुरीही तेवढी भरत नाही.

*

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनी आणि मुलगी गेटवर आल्या. वहिनींच्या हातात कापडी पिशवी होती. "ताई, हे सारं मले काही समजत नाही. ते म्हणत होते, कागदाचं काही असलं तं ताईले विचारजो."

त्या दिवसापासून एप्रिलपर्यंत जे चाललं, ते मी इथं नीट लिहिते आहे. एक तर कोणाच्या कामी पडेल म्हणून. आणि दुसरं म्हणजे घाटावर मी गेले नव्हते, रामटेकला अंबाळा तलावावर अस्थी सोडायला गेले नव्हते. भाऊंसाठी मी जे काही केलं, ते एवढंच.

कामगार नोकरीत असताना गेला, की घरच्यांना पीएफ खात्यातून तीन गोष्टी मिळतात: जमा रक्कम, विमा आणि पेन्शन. विम्याबद्दल बहुतेकांना माहीतच नसतं, कारण त्याचे पैसे पगारातून कापले जात नाहीत, मालक भरतो. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी पगाराची, तीही 15,000 पर्यंतच धरून, 35 पट रक्कम, वर खात्यातल्या सरासरी शिलकीची निम्मी, पण 1.75 लाखांपर्यंत. असं करून जास्तीत जास्त 7 लाख होतात. पूर्वी या तिन्हींसाठी 20, 5-आयएफ आणि 10-डी असे वेगवेगळे फॉर्म होते. आता मृत्यू झाला असेल तर एकाच फॉर्ममध्ये तिन्ही मागता येतात.

पण त्याआधी एक पायरी असते, आणि ती मालकाकडून होते. कामगाराने नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण पोर्टलवर भरावं लागतं. आमच्याकडे हे काम माझं. नाव उघडलं, तारीख टाकली, कारणाची यादी खाली उघडली. निवृत्ती आणि इतर कारणं ओलांडून एका ओळीवर यावं लागतं: 'डेथ इन सर्व्हिस'. मी त्या ओळीवर आले आणि उठून बाहेर गेले. चहा घेतला. परत येईतो लॉगिन बंद पडलं होतं. म्हणून ते सगळं मला पहिल्यापासून दुसऱ्यांदा करावं लागलं. तोवर मनात कुठेतरी ते रजेवर असल्यासारखं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मेट्रोत लोकमान्य नगरला बसले, ती सीताबर्डीला उतरेपर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

मग नॉमिनेशन पाहिलं, आणि तिथे मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

2021 च्या शेवटी पीएफचं ई-नॉमिनेशन भरायची मोहीम निघाली होती. लोकांना ते जमत नव्हतं. खात्यावर स्वतःचा फोटो चढवावा लागतो, त्यात चेहरा मोठा आणि दोन्ही कान स्पष्ट दिसले पाहिजेत. भाऊंनी कँटीनच्या भिंतीवर घरची पांढरी चादर ठोकली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकाला उभं करून मोबाइलवर फोटो काढले. पोरांचे केस स्वतः विंचरून द्यायचे. "कान दाखवा बाप्पा, कान! लग्नाचा फोटो नाही, पण बायकोच्या कामाचा हाय!" पंधरा दिवसांत आम्ही दोघांनी मिळून साठ-पासष्ट जणांची नॉमिनेशनं पूर्ण केली. त्यांचं स्वतःचंही भरलं. फक्त शेवटी आधारच्या ओटीपीने सही करायची असते, आणि त्यांचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला होता.

"भाऊ, आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून आणा."

"आणतो न ताई. आधी हे पोरं होऊन जाऊ द्या."

पोरं झाली. मी दोनदा आठवण दिली असेल. मग मीही विसरले. तीन वर्षांनी मी ते पान उघडलं तेव्हा वहिनींचं नाव, मुलीचं नाव, दोघींचे वाटे, सगळं त्यांनी भरलेलं तसंच होतं, आणि सही बाकी. सही नसलेलं नॉमिनेशन धरत नाहीत. त्यांचं जुनं कागदी नॉमिनेशन लग्नाआधीचं, आईच्या नावाचं होतं. लग्न झालं की तेही आपोआप रद्द होतं. आई तर जाऊनही आठ वर्षं झाली.

नॉमिनेशन नसलं तर पीएफची रक्कम कुटुंबात सारख्या हिश्श्याने वाटतात. सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली त्यात येत नाहीत. भाऊंना एकच मुलगी, एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणून अर्धं वहिनींना, अर्धं तिला. अन्याय कोणावरच झाला नाही, पण कागद वाढले. दोघींचे वेगळे अर्ज, कुटुंबात कोण कोण आहे याचं प्रतिज्ञापत्र, रद्द केलेले चेक, मुलीच्या वयाचा दाखला.

याहून वाईट पुढे होतं. पीएफच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. इंग्रजीत एक 'ए' जास्त. मृत्यूच्या दाखल्यावर बरोबर, आधारवर बरोबर, फक्त पीएफमध्ये चूक. 2014 साली सगळ्यांना यूएएन, म्हणजे पीएफचे कायमचे नंबर, मिळाले, तेव्हा दीडशे जणांची यादी एका रात्रीत टाइप करून पाठवली होती. ती मीच टाइप केली होती.

वहिनींना हे मी फोनवर सांगितलं नाही, घरी जाऊन सांगितलं. चूक माझी आहे, दुरुस्त करायला महिना-दीड महिना जाईल, तोवर पैसे अडकतील. वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ते म्हणत होते, ताईचं काम लय चोख असते." बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आठवलं होतं. मी तिथे रडले, त्यांच्यापुढे रडायचा मला काही हक्क नसताना. त्यांनी मला पाणी आणून दिलं.

दुरुस्तीसाठी संयुक्त घोषणापत्र लागतं. सदस्य हयात नसेल तर घरच्यांना आणि मालकाला मिळून करता येतं. मी ते स्वतः लिहिलं, मॅनेजरची सही घेतली, जुन्या फायलीतून भाऊंचा आयटीआयचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून जोडला. त्या फाइलमध्ये त्यांचा नोकरीला लागतानाचा फोटो होता, 2003 चा. मिशी नुकतीच ठेवलेली, कॉलर कडक इस्त्रीची. दोन्ही कान स्पष्ट दिसत होते.

पीएफच्या ऑफिसात आम्ही तीनदा गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही मृताच्या कोण?" मी म्हटलं, "कंपनीकडून आले." जयताळ्याच्या त्या बाईंनी मला जे ठरवलं होतं, तेच मी आता स्वतःच्या तोंडाने सांगितलं. प्रतिज्ञापत्राच्या खाली मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. सख्ख्या नात्यातला नको, पण कुटुंबाला ओळखणारा हवा. तिथे मी सही केली. पूर्ण नाव, पत्ता, 'किती वर्षांपासून ओळखता': सोळा. एवढ्या कागदांत ती एकच जागा मला माझी वाटली.

पेन्शनच्या कागदांत वहिनींचं वर्णन लिहायचं होतं, उंची आणि शरीरावरची ओळखीची खूण. त्यांनी पदर सरकवून उजवं मनगट पुढे केलं. भाजल्याचा जुना डाग होता. "वड्या तळताना. कंपनीत सगळ्यांसाठी न्याच्या म्हणून शंभर केल्या होत्या त्या दिवशी." मी लिहिलं: उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण. त्या वड्या मी खाल्ल्या होत्या.

विधवा पेन्शन तहहयात किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते. मुलांना पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत, दोन मुलांपर्यंत, प्रत्येकी विधवा पेन्शनचा चौथा हिस्सा. मुलीने हे ऐकून बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे माझं एम.एस्सी. होऊन जाईल." भाऊंची ही एकच हौस होती. ते सगळ्यांना सांगायचे, माझी पोरगी फिजिक्स शिकून राहिली, मी करंट लावतो, तिला तो कसा जातो ते कळते.

ग्रॅच्युइटीचं काम लवकर झालं. एरवी पाच वर्षांची अट असते, मृत्यू झाला तर तीही नसते, आणि भाऊंची तर बावीस वर्षं धरली गेली. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. तो फॉर्म त्यांनी इथं लागल्यावर भरला होता, त्यात वहिनींचं नाव होतं. फेब्रुवारीत चेक निघाला.

त्याच दिवशी चेक घ्यायला आल्या तेव्हा वहिनींनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक लहान किल्ली काढली. "हे त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. शनिवारच्या. घरचं कुठलंच कुलूप लागत नाही याले. कंपनीचं असन तं परत करून टाकते."

माझ्या ड्रॉवरमध्ये ते कुलूप होतं, कापलेलं. मी त्यांना दाखवलं नाही. "हो, कंपनीचीच आहे," म्हटलं आणि किल्ली ठेवून घेतली. त्या गेल्यावर मी ड्रॉवर उघडला, किल्ली कुलपात घातली आणि फिरवली. फिरली. आतला खटका सरकल्याचा आवाज आला, पण वरची कडी आधीच कापलेली असल्यामुळे उघडायला काही उरलं नव्हतं. मेंटेनन्सचा तो मुलगा त्याच वेळी हजेरीची चौकशी करायला खिडकीशी आला होता. त्याने ते पाहिलं आणि काही न विचारता परत गेला.

*

भाऊंच्या आठवणींत कूलर आला नाही तर नागपूरच्या माणसाला ते खरंच वाटणार नाही. होळी झाली की त्यांचे रविवार लागलेले असायचे. कारखान्यातल्या ज्या ज्या घरी पत्र्याचा जुना कूलर, त्या घरी भाऊ. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, तेव्हा तर ते ड्युटी संपवून रात्री दहा-दहापर्यंत लोकांचे कूलर दुरुस्त करत फिरायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पाणीही पहिल्या घरी नाही, शेवटच्या घरी प्यायचे. नाहीतर प्रत्येक घरी चहा होतो आणि दोन घरं राहून जातात, असं म्हणायचे.

कूलरचा पंप पाण्यात असतो. त्याच्या वायरचं वेष्टण फाटलं की करंट पाण्यात आणि पाण्यातून पत्र्याच्या पेटीत उतरतो. तीन पिनांचा प्लग असला तरी घराच्या भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला पुष्कळदा अर्थिंगच जोडलेलं नसतं. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून बादलीने पाणी भरणारी बाई पेटीला हात लावते. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. भाऊ बोर्ड उघडून आधी तिसरी वायर बघायचे, ताट्या (कूलरच्या गवती जाळ्या) आणि पंप नंतर. कोणी म्हटलं की भाऊ, हवा कमी लागते, तर म्हणायचे, "हवा मंग पाहू. आधी पेटी पाहू द्या." ज्यांना परवडेल त्यांच्या मागे लागून त्यांनी मीटरजवळ आरसीसीबी बसवून घेतला. जरा गळती झाली की तो पुरवठा तोडतो. माझ्या घरी त्यांनी तो 2016 मध्ये बसवला. आणि सगळ्यांना एकच दटावणी: पाणी भरायचं तर पिन काढून. बटन बंद करून नाही, पिन काढून.

पीएफ आणि विम्याची रक्कम मार्चच्या शेवटी दोघींच्या खात्यांवर आली. पेन्शनचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. तो हातात द्यायला मी एका रविवारी जयताळ्याला गेले. ऊन तापलं होतं. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी त्यांचा जुना कूलर आणि कूलरसमोर जमिनीवर उकिडवी बसलेली मुलगी. ताट्या नव्या बसवलेल्या होत्या. शेजारी भाऊंची कामाची पिशवी उघडी पडली होती. मेंटेनन्समधला तो मुलगा स्टुलावर बसला होता, पण हात लावत नव्हता.

"मी करून देतो म्हटलं," तो मला म्हणाला, "तर ऐकून नाही राहिली."

वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. मी आदेशाचा लिफाफा त्यांना दिला. त्यांनी तो न उघडताच देवाजवळ ठेवला आणि परत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मुलीने आधी पायात रबरी चप्पल घातली. मग पिन लावली आणि बटन दाबलं. पंखा फिरायला लागला. तिने पिशवीतून भाऊंचा टेस्टर काढला, ज्याच्या मुठीला त्यांनी पिवळी टेप गुंडाळली होती तोच, आणि त्याचं टोक कूलरच्या पत्र्याला लावलं. आम्ही चौघंही त्या टेस्टरमधल्या इवल्याशा दिव्याकडे बघत होतो. तिने एका जागी लावला, मग खाली पाण्याच्या टाकीजवळ, मग मागच्या बाजूला.

"नाही पेटला," ती म्हणाली.

मग तिने बटन बंद केलं, पिन काढली, वायर गुंडाळून खिडकीच्या गजावर अडकवली, आणि पाण्याची बादली आणायला आत गेली.